तारांमधील खरखर आणि ऑलिव्हर हेविसाइड

लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवर टोकाजवळ एक जाडसर गोळा असतो. त्याच्या आत फेराइटचे कडे असते. वीजपुरवठ्याची वायर नकळत अँटेनाचे काम करते आणि जवळच्या रेडिओत खरखर उमटते. हे कडे तिला आळा घालते. पुरवठ्याचा जाणारा व परतणारा प्रवाह कड्यात परस्परांचा चुंबकीय परिणाम नाहीसा करतात. दोन्ही तारांतून एकाच दिशेने वाहणाऱ्या उच्च वारंवारतेच्या उपद्रवी प्रवाहाला मात्र मोठा विरोध होतो. अशा विरोधाला १८८६ मध्ये 'इम्पीडन्स' हे नाव दिले ते ऑलिव्हर हेविसाइड यांनी.

हेविसाइड यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनमध्ये एका गरीब कुटुंबात झाला. बालपणी झालेल्या आजाराने त्यांना कमी ऐकू येऊ लागले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तार कंपनीतील नोकरीही त्यांनी १८७४ मध्ये सोडली आणि पुन्हा कधी नोकरी केली नाही. घरी बसून त्यांनी मॅक्सवेल यांच्या ग्रंथाचा अभ्यास केला. विद्युतचुंबकीय सिद्धांताची चार समीकरणे आज ज्या सुटसुटीत रूपात शिकवली जातात, ते बव्हंशी त्यांचेच कार्य. मधल्या तारेभोवती धातूचे आवरण असलेल्या कोअॅक्सिअल केबलचे पेटंट त्यांनी १८८० मध्येच घेतले होते. बाहेरचा उपद्रव आत येऊ न देणारी ही रचना पुढे टीव्हीच्या केबलमुळे घरोघरी पोहोचली.

दूरच्या टेलिफोनवर आवाज विकृत होत असे. तारेत इंडक्टन्स वाढवल्यास तो स्पष्ट होईल, हे हेविसाइड यांनी १८८७ मध्ये गणिताने दाखवले. ब्रिटिश टपाल खात्याचे विद्युत अभियंता विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते. त्यांच्या विरोधामुळे हेविसाइड बंधूंचा निबंध प्रसिद्ध होऊ शकला नाही. पुढे अमेरिकेत हीच कल्पना यशस्वी ठरली. तिचे पेटंट १९०० मध्ये मायकेल प्युपिन यांना मिळाले आणि त्यांनी अमाप पैसा कमावला. हेविसाइड यांनी पेटंट घेतले नव्हते. त्यांच्या पदरी काहीच पडले नाही.

१८९१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १८९६ पासून वर्षाला १२० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाले. १९२२ मध्ये पहिले फॅरेडे पदकही त्यांनाच मिळाले. तरीही उत्तरायुष्य एकाकीपणातच गेले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले. अधिकारपदापुढे त्यांचे गणित काही काळ मागे पडले. पण अखेर तेच खरे ठरले.