विश्लेषण : कॅलिपरचा पिस्टन मागे नेण्याचे योग्य औजार कोणते? डिस्क ब्रेकचे पेटंट घेणारे लँचेस्टर कोण होते?

गाडीचे जुने ब्रेक पॅड काढून नवे हातात घेतले, की पहिली अडचण येते पिस्टनची. झिजत गेलेल्या पॅडच्या मागोमाग तो कॅलिपरमधून बाहेर आलेला असतो आणि नवे जाड पॅड बसायला जागाच उरत नाही. त्याला मागे ढकलावे लागते. कोणी मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून रेटतो, कोणी सी-क्लॅम्प लावतो. पुढच्या चाकाला हे बहुधा खपून जाते. मागच्या चाकाला तोच प्रयोग केला, तर कधी कधी अख्खे कॅलिपर बदलण्याची वेळ येते. मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्ये घेणारे ब्रिटिश इंजिनीअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी आपल्या कारखान्यात हाच आग्रह धरला होता, की भाग तसे औजार हवे. त्याची किंमतही त्यांनी मोजली.

फ्रेडरिक लँचेस्टर कोण होते?

२३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुइशम भागात त्यांचा जन्म झाला. वडील वास्तुविशारद. फ्रेडरिक लहान असतानाच कुटुंब समुद्रकाठच्या ब्रायटनजवळ राहायला गेले. साउथॅम्प्टन आणि लंडनमध्ये त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले, यंत्रकामासाठी संध्याकाळचे वर्ग केले, पण पदवी काही हाती लागली नाही. सुरुवातीला पेटंटची रेखाचित्रे काढण्याचे काम केले. मग बर्मिंगहॅममध्ये गॅसवर चालणारी इंजिने बनवणाऱ्या ‘फॉरवर्ड’ कंपनीत साहाय्यक व्यवस्थापक म्हणून ते रुजू झाले.

या नोकरीच्या करारात एक कलम होते. कामावर असताना जी सुधारणा सुचेल, तिची मालकी कंपनीची. विशीतल्या या तरुणाने सही करण्याआधी ते कलमच खोडून टाकले. पुढे इंजिनाचा वेग स्थिर राखणाऱ्या गव्हर्नरचे पेटंट त्यांच्या स्वतःच्या नावावर झाले, ते त्यामुळेच.

मोटारीआधी औजारे का बनवली?

१८९६ मध्ये लँचेस्टर यांची पहिली मोटार रस्त्यावर आली. संपूर्ण ब्रिटिश बनावटीची पहिली चारचाकी पेट्रोल मोटार म्हणून तिची नोंद घेतली जाते. त्या काळच्या बऱ्याच मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन लावलेल्या बग्ग्या होत्या. लँचेस्टर यांनी मात्र कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. नंतरच्या गाडीत त्यांनी एकमेकांविरुद्ध दिशेने फिरणारे दोन क्रँकशाफ्ट बसवले, जेणेकरून एकाचा हादरा दुसऱ्याने शोषून घ्यावा.

१८९९ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि खरी कसोटी लागली. तेव्हाच्या कारखान्यांत भाग ढोबळ मापाने बनायचा आणि मग फिटर कानस घेऊन तो जागेवर बसेपर्यंत घासायचा. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसेलच याची खात्री नसे. लँचेस्टर यांना हे मान्य नव्हते. कोणताही भाग कोणत्याही गाडीला न घासता बसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी मापाचे गेज, पकडसाचे, इतकेच काय स्क्रूच्या आट्यांचे मापही त्यांनी स्वतःचे ठरवले. मागच्या आसाचे गिअर बाजारात हवे तसे मिळेनात, तेव्हा ते कापणारे यंत्रच बनवले.

यात वेळ गेला आणि पैसाही. गाड्या ग्राहकांच्या हाती पडायला १९०१ उजाडले. सुरुवातीच्या ग्राहकांत मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग होते. त्यांची गाडी वारंवार बंद पडे, तरी त्यांनी लँचेस्टर सोडली नाही. १९०४ मध्ये मागणी भरपूर असूनही भांडवल संपले आणि कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी ती नव्या नावाने पुन्हा उभी राहिली, पण फ्रेडरिक यांचा शब्द आता शेवटचा राहिला नव्हता. भांडवल पुरवणाऱ्यांना गाड्या हव्या होत्या, गेज नव्हेत. दोन्ही बाजूंना आपापले कारण होते, हे मान्य करावे लागेल.

त्यांचा डिस्क ब्रेक तेव्हा का चालला नाही?

१९०२ च्या पेटंटमधली कल्पना आजच्या वाचकाला लगेच ओळखू येईल. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारे जबडे. ड्रमच्या ब्रेकमध्ये उष्णता आत कोंडते, चकती मात्र उघड्या हवेत फिरते, त्यामुळे लवकर निवते. तत्त्व बिनचूक होते.

घोडे अडले ते साहित्यापाशी. घर्षणासाठी त्यांच्याकडे तांबे होते. त्या काळचे रस्ते कच्चे, धुळीचे. ब्रेक उघडा असल्याने धूळ थेट तांब्यावर जाई, ते भराभर झिजे आणि धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज होई. त्यातच दाब देण्याची यंत्रणा दांडे आणि तारांची. आज पिस्टनला ढकलणारे ब्रेक ऑइल मोटारीत यायला अजून वेळ होता. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली ड्यूसेनबर्ग अमेरिकेत १९२१ मध्ये विक्रीला आली.

नंतर त्यांचे काय झाले?

लँचेस्टर यांचे डोके मोटारीपुरते कधीच नव्हते. पक्षी उडताना पंखाभोवती हवा कशी वळते, यावर त्यांनी १८९० च्या दशकातच प्रबंध लिहिला होता. विद्वानांनी तो परत पाठवला. १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी विमानविद्येवर दोन ग्रंथ काढले आणि त्यांतले विचार पुढे पंखांच्या सिद्धांताचा पाया ठरले. पहिल्या महायुद्धात लढाईचे गणित मांडणारे त्यांचे पुस्तक आले. सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्यातला नियम आजही संरक्षणशास्त्राच्या अभ्यासात ‘लँचेस्टरचा नियम’ म्हणून शिकवला जातो. १९०९ पासून ते डेमलर कंपनीचे सल्लागार होते. इंजिनाची थरथर कमी करणारा त्यांचा बॅलन्सर शाफ्ट आजच्या अनेक इंजिनांत आहे. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. ते टोपणनावाने कविताही करत.

पैशाने मात्र कधी साथ दिली नाही. १९२५ मध्ये काढलेली स्वतःची प्रयोगशाळा १९३४ मध्ये बंद पडली. कंपवाताने हात थरथरू लागले, मग दृष्टी गेली. बर्मिंगहॅममधले राहते घर टिकले तेही मोटार उद्योगाच्या साहाय्य निधीमुळे. ८ मार्च १९४६ रोजी पत्नी डोरोथिया यांच्यामागे मूल नसलेले हे घर ठेवून ते गेले. सात वर्षांनी, १९५३ मध्ये, डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. १९५५ च्या सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले आणि त्यानंतर ते रोजच्या गाड्यांत शिरले.

आज कोणत्या कॅलिपरला कोणते औजार?

आधी पिस्टन बाहेर का येतो, ते पाहू. त्याच्याभोवती चौकोनी छेदाचे रबरी सील असते. ब्रेक दाबला की ते किंचित पिळले जाते आणि पाय काढला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजेल तसा पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकतो आणि तिथेच राहतो. म्हणून पॅड बदलताना त्याला बाहेरून मागे न्यावे लागते.

आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन असेल, तर तो सरळ मागे जातो. इथे सी-क्लॅम्प पुरतो. फक्त पिस्टनवर जुना पॅड ठेवून मग क्लॅम्प आवळावा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. स्क्रू-ड्रायव्हरने रेटल्यास पिस्टनवर ओरखडा उमटतो किंवा धूळरोधक रबर फाटते, आणि पुढे त्याच वाटेने पाणी आत जाते. एकाच कॅलिपरमध्ये दोन किंवा चार पिस्टन असतील, तर ते एकत्र दाबणारे पसरट पट्टीचे औजार घ्यावे. एक आत ढकलला की दुसरा बाहेर येतो, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

खरा घोटाळा होतो तो मागे डिस्क असलेल्या आणि ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांत. यातल्या अनेकांत हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या पिस्टनमध्येच असते, आट्यांवर. असा पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. त्याच्या तोंडावर खाचा दिसल्या, तर हाच प्रकार समजावा. क्लॅम्पने जोर केला तर आतल्या आट्या तुटतात. यासाठी स्क्रू असलेला वाइंड-बॅक संच मिळतो, त्यात खाचांत बसणाऱ्या वेगवेगळ्या चकत्या असतात. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या दिशेने आत जातात, काही उलट्या दिशेने. म्हणून डाव्या-उजव्या दोन्ही आट्या असलेला संच घेतलेला बरा. सहा बाजूंना वेगवेगळे खुंट असलेला स्वस्त ठोकळाही मिळतो, पण तो फक्त फिरवतो, दाब देत नाही. सैल पिस्टनला चालतो, जाम पिस्टनवर घसरतो. शेवटी पिस्टनच्या खाचा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दिशेला थांबवाव्यात, कारण अनेक पॅडच्या पाठीवरचा खुंट त्यांतच बसतो.

बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल, तर औजाराच्या आधी स्कॅनर. गाडी ‘सर्व्हिस मोड’मध्ये टाकली की मोटर आतला नट मागे घेते आणि मग बहुतेक कॅलिपरचा पिस्टन सरळ दाबता येतो. हे न करता दाबल्यास मोटर किंवा तिचे गिअर बिघडू शकतात.

कोणतेही औजार असो, सावकाश आवळावे. पिस्टन मागे जाताना ब्रेक ऑइल वरच्या टाकीत परत येते, ती आधीच काठोकाठ असेल तर उतू जाते आणि रंग उडतो. थोडे ऑइल आधी काढून ठेवावे. नवे पॅड बसले, चाक लावले, की इंजिन सुरू करून गाडी हलवण्याआधी पेडल काही वेळा दाबावे. पहिल्या दाबांना ते थेट तळाला जाईल, कारण पिस्टन अजून पॅडला टेकलेला नसतो. पेडल घट्ट लागले, की मगच गिअर टाकावा.