तुतनखामुनचे दागिने आणि दोन चिमुकल्या शवपेट्या

हल्ली आपल्या धाराशिव-तुळजापूरकडच्या फॅन्सी स्टोअरमध्येही डोक्यावर गोल कडी असलेला क्रॉस, काजळ रेखलेला डोळा, भुंगा अशी लोंबती कानातली दिसतात. कॉलेजच्या मुली हौसेनं घेतात. ही चिन्हं इजिप्तची. त्यांचा अर्थ कळायला तिथल्या एका पोरसवदा राजाचं आयुष्य बघितलं तरी पुरे.

सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची गोष्ट. राजा अखेनातेननं जुने देव बाजूला सारून आतेन या सूर्यदेवाची पूजा सुरू केली होती. त्याच्या मुलाचं नाव तुतनखातेन. पोरगं आठ-नऊ वर्षांचं असताना गादीवर बसलं. मग जुने देव परत आले आणि नावही बदललं. तुतनखामुन, म्हणजे आमुन देवाची जिवंत प्रतिमा. या नावाच्या मधोमध 'अंख' आहे. तोच तो कडीवाला क्रॉस. अर्थ, जीवन. त्याची राणी त्याची सावत्र बहीण, अंखेसेनामुन. तिच्याही नावात अंखच.

भुंग्याचं तर आणखी गमतीचं. शेणाची गोळी ढकलत नेणारा हा किडा आपण चपलेनं बाजूला सारतो. इजिप्तच्या लोकांना त्यात रोज सूर्याचा गोळा आभाळात ढकलणारा देव दिसला. त्यामुळे भुंगा म्हणजे पुन्हा जन्म घेणं. तुतनखामुनच्या राजनावात हा भुंगा होता. त्याच्या छातीवरच्या एका पदकात खाली टोपली, मध्ये निळ्या खड्याचा भुंगा आणि वर सूर्य आहे. हे नुसतं नक्षीकाम नाही, ते त्याचं नावच आहे. तो निळा दगड थेट अफगाणिस्तानातून यायचा.

त्याच्या सोन्याच्या मुखवट्याचं वजन दहा किलोच्या वर आहे. कपाळावर नाग आणि गिधाड. नागाचं आपल्याला नवल नाही, पण गिधाड म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. तिकडे ती पंख पसरून लेकराला जपणारी आई!

एवढी राखण असूनही पोराची तब्येत नाजूकच. २०१० साली जाहीर झालेल्या डीएनए तपासणीत मलेरियाच्या खुणा सापडल्या. थडग्यात सव्वाशेच्या वर काठ्या निघाल्या. म्हणून त्याच्या अंगावरच्या डोळ्याचा अर्थ मला जास्त लागतो. होरस देवाचा डोळा भांडणात फुटला आणि पुन्हा बरा झाला, म्हणून तो दुखणं बरं करणारा, मोडलेलं सांधणारा डोळा. (निळ्या काचेचा गोल डोळा विकतात ना, तो तुर्कस्तान-ग्रीसकडचा, दृष्ट लागू नये म्हणूनचा. दोन्हींची गल्लत करू नका.)

राणीच्या पदरात मूल काही टिकलं नाही. इजिप्तच्या बायका कमरेला कवड्या बांधायच्या, पोटातल्या जिवाला जपायला. आई तुळजाभवानीची कवड्यांची माळ रोज बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अठरा-एकोणिसाव्या वर्षी राजा गेला. ममीच्या पट्ट्यांत सुमारे दीडशे दागिने आणि ताईत गुंडाळले होते. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टरच्या माणसांना लक्झरजवळ थडग्याची पहिली पायरी लागली. आत पाच हजारांवर वस्तू होत्या. त्यांतच एका साध्या लाकडी पेटीत दोन चिमुकल्या शवपेट्या होत्या. एकीत पाच-सहा महिन्यांचा गर्भ, दुसरीत दिवस भरत आलेली मुलगी. बापाचं नाव दागिन्या-दागिन्यावर कोरलेलं, लेकींच्या पेट्यांवर मात्र नाव नाही. मेलेल्या कुणालाही लावतात ते ओसायरिस देवाचं नाव, तेवढंच.

नवऱ्यामागे अंखेसेनामुनचं नाव एका अंगठीवर नव्या राजाच्या, वृद्ध आय याच्या नावाशेजारी दिसतं. त्यानंतर ती कुठेच दिसत नाही. तिची ममी आजवर खात्रीनं ओळखता आलेली नाही.