जॉन स्टीव्हन्स (ड्रमवादक)

जॉन विल्यम स्टीव्हन्स (१० जून, १९४० - १३ सप्टेंबर, १९९४) हे ब्रिटिश ड्रमवादक व संगीतशिक्षक होते. पूर्वनियोजित चाल, ठेका किंवा स्वरलिपी न वापरता वादकांनी परस्परांचे ऐकत निर्माण केलेल्या मुक्त उत्स्फूर्त संगीताच्या ब्रिटनमधील प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन
स्टीव्हन्स यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रेंटफर्ड येथे झाला. त्यांचे वडील टॅप नर्तक होते. चित्रकलेचे शिक्षण घेतल्यानंतर ते शाही हवाई दलात दाखल झाले आणि अक्सब्रिज येथील दलाच्या संगीत विद्यालयात ड्रमवादन शिकले. तेथेच सॅक्सोफोनवादक ट्रेव्हर वॉट्स व ट्रॉम्बोनवादक पॉल रदरफोर्ड यांच्याशी त्यांचा परिचय झाला.

कारकीर्द
जानेवारी १९६६ पासून लंडनमधील लिटल थिएटर क्लबमध्ये, रात्रीचे नाटक आटोपल्यावर, स्टीव्हन्स यांच्या पुढाकाराने प्रायोगिक संगीताचे कार्यक्रम होऊ लागले. त्यांचा 'स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल' हा समूह येथेच घडला. 'चॅलेंज' (१९६६) हा समूहाचा पहिला ध्वनिमुद्रित संग्रह होय. 'कार्योबिन' (१९६८) मध्ये डेरेक बेली, एव्हन पार्कर, केनी व्हीलर व डेव्ह हॉलंड यांचा सहभाग होता. या संग्रहाचे नाव बौद्ध परंपरेतील कलविंक या स्वर्गीय पक्ष्याच्या जपानी नावावरून घेतले आहे.

मार्च १९६९ मध्ये केंब्रिज येथे योको ओनो व जॉन लेनन यांच्या कार्यक्रमात त्यांनी वादन केले. १९७५ मध्ये गायक जॉन मार्टिन यांच्या 'लाइव्ह ॲट लीड्स' या संग्रहातही त्यांचे ड्रमवादन आहे.

वादनशैली
जॅझमध्ये ठेका धरून ठेवणे हे ड्रमवादकाचे प्रमुख काम मानले जाई. समूहातील वादनात स्टीव्हन्स यांनी ही भूमिका सोडली. ड्रमच्या आवाजाखाली इतर वाद्ये झाकली जाऊ नयेत म्हणून त्यांनी लहान आकाराचे ड्रम व झांजा असलेला संच वापरला. सहवादक ऐकू येत नसेल, तर आपण गरजेपेक्षा मोठ्याने वाजवत आहोत, असे ते मानत.

अध्यापन
संगीताचे शिक्षण न घेतलेल्यांनाही समूहवादन करता यावे, यासाठी स्टीव्हन्स यांनी सोपे पाठ रचले. 'क्लिक पीस' या पाठात प्रत्येकाने शक्य तितका आखूड ध्वनी काढायचा असतो, तर 'सस्टेन्ड पीस'मध्ये एक स्वर पूर्ण श्वासभर टिकवायचा असतो. हे पाठ 'सर्च अँड रिफ्लेक्ट' (१९८५) या पुस्तकात संकलित झाले असून संगीत कार्यशाळांत आजही वापरले जातात. समूहाचे कार्य मात्र १९९४ मध्ये स्टीव्हन्स यांच्या निधनाबरोबर थांबले.