श्वासाची मर्यादा जाणणारा योगी

योगविद्येची थोरवी गाणारे पुष्कळ झाले. परंतु तिला प्रयोगशाळेत नेऊन तिची परीक्षा घेणारे विरळाच. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे अशा विरळांपैकी एक होत.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांकडे ते व्यायामविद्या शिकले, अमळनेरास त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगाची दीक्षा घेतली. गुरूची विद्या निमूटपणे पुढे चालविली असती, तरी त्यांना शिष्यांची वाण पडली नसती. पण त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्रापुढे उड्डियान व नौली या क्रिया तपासल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले.

त्यांच्या वैज्ञानिक वृत्तीची खरी कसोटी प्राणायामाच्या बाबतीत लागली. प्राणायामाने शरीरास भरपूर जादा प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हाही सार्वत्रिक होता. लोणावळ्याच्या मोजमापांनी त्यास दुजोरा दिला नाही. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वसनानेच प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते, हे शरीरशास्त्रही सांगते. प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र शोधावे लागेल, हे स्वामीजींनी मोकळेपणाने मांडले. आपल्या श्रद्धेच्या विषयातील लोकप्रिय समजूत स्वतःच खोडून काढणे सोपे नसते.

हृदय वा फुप्फुसे दुर्बळ असणाऱ्यांनी तज्ज्ञांवाचून अभ्यास करू नये, असा इशाराही ते देत. १९६० नंतर लवकरच कैवल्यधामात योगिक रुग्णालय सुरू झाले, ते दमा, मधुमेह यांसारख्या चिवट, जुनाट विकारांकरिता. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले.

त्यांच्याच हयातीत, १९५२ मध्ये, कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली. श्वास थांबू लागलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस हाताने हवा भरली आणि त्या अनुभवातून अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. जुनाट दमा आणि तीव्र हृदयविफलता यांतील अंतर येथे ध्यानी घ्यावे. हृदयाचा डावा भाग एकाएकी थकला की रक्त मागे तुंबते, फुप्फुसांच्या वायुकोशांत द्रव साचतो आणि रुग्ण अंथरुणावर बसल्या जागी गुदमरू लागतो. त्या घटकेस प्राणवायू, साचलेला द्रव उतरविणारी औषधे आणि प्रसंगी कृत्रिम श्वासयंत्र हाच उपाय होय. तेथे अनुलोम-विलोमाने दवडलेली दहा मिनिटे प्राणघातक ठरू शकतात.

म्हणून पवन, नाणे व आंदर मावळांतील दूरच्या वाड्यांवर, विशेषतः धुवांधार पावसाळ्यात, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचणे आणि जवळच्या रुग्णालयात प्राणवायूची सोय असणे ही योगाच्या भूमीतही पहिली गरज आहे. ती मागणे म्हणजे योगाचा अनादर नव्हे. स्वामीजींनी घालून दिलेल्या शिस्तीचेच ते पालन होय.