चित्रकार धुरंधरांचे फूल

कोल्हापूर आणि निपाणी यांमधील अंतर जेमतेम चाळीस किलोमीटरचे. निपाणीला पोचले की भाषा बदलत नाही, बाजार बदलत नाही, फार तर तंबाखूचा वास थोडा अधिक गडद होतो. त्यामुळे कोल्हापूरचा माणूस मोठा झाला की तो आपलाच मोठा झाला, असे मानण्याची या भागाची जुनी रीत आहे. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याविषयी या ग्रंथात लिहिताना तेवढा एकच आधार आहे असे मात्र नव्हे. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता तोवर, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, येथील शाळांतील चित्रकलेचे वळण मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेकडे पाहूनच ठरत असे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसलेला आपल्याकडचा प्रत्येक विद्यार्थी नकळत त्या शाळेच्या शिस्तीत बसलेला होता. धुरंधरांनी त्या शाळेत एकेचाळीस वर्षे काढली. आधी विद्यार्थी म्हणून, नंतर शिक्षक म्हणून.

त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. शिक्षण तेथील राजाराम हायस्कुलात झाले. चित्रांचा नाद लहानपणापासूनचा; पण नाद वेगळा आणि शिक्षण वेगळे. १८९० च्या जानेवारीत ते जे. जे. मध्ये दाखल झाले, तेव्हा कोल्हापूरला रेल्वेही पोचलेली नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाने घर सोडून मुंबईला जायचे आणि तेही चित्रे काढायला शिकण्यासाठी, ही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात सहज पचणारी गोष्ट नव्हती. वकिली, मामलेदारी, गेला बाजार मास्तरकी, एवढ्याच वाटा माहीत असलेला तो समाज होता.

शाळा होती १८५७ सालची, आणि धुरंधर गेले त्या वेळी प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर बेतलेला. त्याची पायरी ठरलेली असे. प्रथम छापील नमुन्यावरून बाह्यरेषा. मग प्लॅस्टरचे ओतीव नमुने: वळणदार वेलबुट्टी, पाने, फुले, पुढे ग्रीक पुतळे. त्यानंतर सजीव वस्तू, आणि शेवटी माणूस. म्हणजे विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिले फूल येई ते पांढरे, गंधहीन आणि भिंतीवर टांगलेले.

या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे आणि पुढे ती पुष्कळ झाली. पण ज्याने कधी पेन्सिल हाती धरून फूल काढण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला तिच्यातील शहाणपणही समजेल. जास्वंदीचे फूल घ्या. पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीची कड शेजारणीवर चढलेली, आणि मधून बाहेर आलेला केसरांचा दांडा. नवशिका विद्यार्थी फूल कसेही ठेवलेले असो, पाचही पाकळ्या सारख्या लांबीच्या काढतो, कारण तो डोळ्यांनी पाहत नाही, माहितीने पाहतो. फूल कलले की आपल्याकडे वळलेली पाकळी आखूड दिसते, फुलाचे तोंड वर्तुळाकार न राहता लंबवर्तुळाकार होते आणि देठाची दिशा फुलाच्या मध्यातून आरपार गेली नाही तर फूल फांदीवर उगवल्यासारखे न दिसता चिकटवल्यासारखे दिसते. हे सारे ध्यानात यायला वेळ लागतो, आणि खरे फूल तेवढा वेळ देत नाही. तास-दोन तासांत पाकळी मिटते, मान टाकते, उजेड सरकतो. प्लॅस्टरचे फूल मात्र आठवडाभर तसेच राहते. त्यावरची छाया सकाळी जिथे होती तिथेच दुसऱ्या सकाळी सापडते. हात स्थिर करायला ते फूल बरे. धोका एवढाच, की हात स्थिर होता होता डोळाही स्थिर होऊन बसतो.

आपल्याकडील शाळांतून ‘फ्रीहँड’ नावाने चाले तो याच पद्धतीचा धाकटा भाऊ. मधली उभी रेघ फिकट काढायची, डावी बाजू साधायची आणि उजवी तिच्याशी तोलायची. पुढे ‘नेचर’च्या कागदाला कण्हेरीची किंवा तगरीची डहाळी समोर येई. बहुतेकांचे चित्रकलेशी नाते त्या डहाळीपाशीच सुटले, ही गोष्ट वेगळी.

धुरंधरांचे सुटले नाही. त्याचे श्रेय पुष्कळसे त्यांच्या स्वभावाला, थोडे त्या शाळेच्या वातावरणाला द्यावे लागेल. फुलाचा अभ्यास तेथे वर्गातच संपत नव्हता. १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या दगडी खांबांवर आणि कमानींवर जी पाने, फुले, पक्षी, प्राणी कोरलेले आहेत, त्या कामात जे. जे. च्या विद्यार्थ्यांचा हात होता. दुसरीकडे ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या होत्या. त्यांतील पुष्कळशा लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. त्यात अजिंठ्याच्या छतांवरील कमळे आणि फळांच्या वेली डोळे भरून पाहता येतात. साउथ केन्सिंग्टनचे पान शिकवणारा हाच माणूस अजिंठ्याचे कमळही जपत होता, हा योगायोग धुरंधरांच्या पिढीला लाभला.

१८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात धुरंधरांना सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी ते शाळेत शिक्षक झाले आणि पस्तीस वर्षे शिकवत राहिले. यथाकाळ हेडमास्तर झाले. १९२७ मध्ये रावबहादुरी मिळाली. निवृत्तीच्या सुमारास संचालकपदाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. पदांची ही यादी एवढ्यावरच सोडलेली बरी, कारण त्यांचे खरे आयुष्य तिच्यात नाही.

ते आहे त्यांच्या रेखाटनात. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे, कोळणी, फेरीवाले, बाजाराला निघालेल्या बायका, लग्नाघरची गर्दी: हे सारे त्यांनी अखंड टिपले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली जाऊन घरोघर गेली. एडवर्ड्‌स यांचे मुंबईवरील पुस्तक, किंकेड यांनी आपल्या श्रावणातल्या कहाण्यांवरून इंग्रजीत सांगितलेल्या गोष्टींचे १९१४ चे पुस्तक आणि ऑटो रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील १९२० चे पुस्तक, ही धुरंधरांच्या चित्रांमुळे आजही हाती घ्यावीशी वाटतात. रॉथफील्डच्या मजकुरापेक्षा चित्रेच अधिक काळ टिकली, असे म्हटल्यास लेखकावर अन्याय होणार नाही.

या चित्रांत फूल असते, पण ते नमुना म्हणून समोर ठेवलेले नसते. ते अंबाड्यात माळलेले असते, पूजेच्या तबकात ठेवलेले असते. खोप्याच्या वळणावर वेणी बसवताना फुलांची एकेक पाकळी मोजून काढता येत नाही. दोन-चार ठिपके आणि एक सावली एवढ्यात तो गजरा ताजा आहे की सकाळचा कोमेजलेला, हे कळावे लागते. प्लॅस्टरच्या फुलाने हात दिला, पण हे कळणे दिले नाही. ते मिळाले घरातून आणि रस्त्यातून, सतत पाहण्यातून. धुरंधरांच्या स्त्रीचे नेसणे कोणत्या प्रांताचे, कोणत्या जातीचे, हे पदराच्या एका चुणीवरून ओळखू येते. आपल्या भागातल्या वाचकाने ती चित्रे पाहावीत आणि नऊवारीचा काष्टा कसा उतरला आहे ते स्वतःच ताडावे.

त्यांच्यावर आक्षेपही घेतले गेले. कलकत्त्याला हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी पाश्चात्त्य नमुन्यांकडे पाठ फिरवून देशी परंपरेचा मार्ग धरला, तेव्हा मुंबईची कला ही परकी, नकलेची, असा सूर उमटू लागला. धुरंधर वादात फारसे शिरल्याचे दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या वादात एक गोष्ट निसटली. शिकण्याची रीत कुठून आली याने चित्र परके ठरत असेल, तर इंग्रजी वाचून कादंबरी लिहिणारे हरिभाऊ आपट्यांसारखे आमचे लेखकही परकेच ठरतील. मात्र धुरंधरांच्या काही मोठ्या पौराणिक चित्रांत रंगभूमीचा थाट येतो आणि त्यांची हलकी, बोलकी रेषा जड पडद्याआड जाते, हेही मान्य केले पाहिजे. रस्त्यावरच्या कोळणीशी ते जितके मोकळे आहेत, तितके देवादिकांशी नाहीत.

त्यांच्या शाळेत चित्रकार घडत, तसे ड्रॉइंग मास्तरही घडत. इलाख्याच्या हायस्कुलांतून असे मास्तर पोचले, आणि जिल्ह्याच्या गावांतील कित्येक मुलांनी मोठ्या चित्रकाराचा परिणाम त्याचे नाव न ऐकताच अनुभवला. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या समर्थ चित्रकार-शिक्षकाने पुढे ज्या जमिनीत पिढ्या वाढवल्या, ती अशा अनामिक मास्तरांनी आधी नांगरलेली होती.

१९३१ मध्ये निवृत्त झाल्यावर धुरंधरांनी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिले. ते १९४० साली प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांच्या चर्चेत त्याचे नाव क्वचित येते, हे आमच्या समीक्षेचे दारिद्र्य. साहित्यिकपणाचा आव नसलेले, नोकरी, गुरू, सहकारी, बक्षिसे आणि मानापमान यांचा सरळ हिशेब मांडणारे असे गद्य त्या काळी फार थोड्यांनी लिहिले. चित्रकाराने चित्रकलेच्या शिक्षणाविषयी मराठीत लिहिलेल्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकांत त्याची गणना करावी लागेल.

त्यांची कन्या अंबिका हिने जे. जे. मध्येच शिक्षण घेतले आणि चित्रकलेचीच वाट धरली. वडिलांचा संग्रह तिने दीर्घकाळ सांभाळला. धुरंधर १ जून १९४४ रोजी वारले. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा भव्य तैलचित्रांच्या बरोबरीने त्यांची लहान रेखाटने आणि पोस्टकार्डेही प्रेक्षकांना पाहायला मिळाली.