धनंजयराव गाडगीळ आणि देखरेखीची मर्यादा

आखाजी सरली की खानदेशातल्या शेतकऱ्याची पावले वि. का. सोसायटीकडे वळू लागतात. मृगापूर्वी बी-बियाणे आणि खते पदरात पडली तरच पुढचे वर्ष उभे राहते. दोंडाईच्याच्या बाजारात मिरची आणणाऱ्या शेतकऱ्याला पीककर्ज देणाऱ्या संस्थेवर निबंधक, लेखापरीक्षक, जिल्हा बँक, नाबार्ड आणि रिझर्व्ह बँक अशी उतरंडच उभी असते. एवढी देखरेख असूनही पतसंस्था दुबळ्या का होतात, या प्रश्नाचा मागोवा घेताना एका अर्थशास्त्रज्ञाचे जीवन डोळ्यांसमोर येते. ते म्हणजे प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचे.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. शालेय शिक्षण नागपुरास आणि उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. तेथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो पाठ्यपुस्तकासारखा वाचला. १९२५ ते १९३० या काळात ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. दोंडाईच्यावरून जाणारी तापीकाठची रेल्वे त्याच सुरतेस पोहोचते. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिची धुरा त्यांनी १९६६ पर्यंत वाहिली. खेड्यात जाऊन, पाहणी करून, मगच सिद्धांत मांडायचा हा त्या संस्थेचा शिरस्ता त्यांनीच घालून दिला.

शेतीच्या पतपुरवठ्याचा प्रश्न त्यांच्याकडे अधिकृतपणे आला तो १९४४ मध्ये. केंद्र सरकारने नेमलेल्या कृषि-वित्त उपसमितीचे ते अध्यक्ष होते. १९४५ च्या अहवालात त्यांनी दोन गोष्टी आग्रहाने मांडल्या. शेतकऱ्याच्या जुन्या कर्जाची फेड त्याच्या कुवतीला झेपेल इतपत सक्तीने कमी करावी आणि सहकारी संस्था पोहोचू शकत नाहीत तेथे सरकारी भांडवलाच्या आधाराने स्वायत्त कृषि-पत महामंडळे उभारावीत. सहकारावर निष्ठा असलेल्या विचारवंताने सहकाराची मर्यादा इतक्या स्वच्छपणे कबूल करावी, यात त्यांचा स्वभाव दिसतो.

पुढे १९५१ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणी सुरू झाली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष असलेल्या त्या समितीत गाडगीळ सदस्य होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातील आकडे आजही अंगावर येतात. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि सावकारांचा जवळजवळ ७० टक्के होता. धनको व व्यापारी एकवटलेले असता निर्बल शेतकऱ्यांची निर्बल संस्था टिकणार नाही, म्हणून सरकारने भागभांडवलात भागीदार व्हावे, कर्जाची सांगड खरेदी-विक्रीशी घालावी आणि प्रशिक्षित कर्मचारीवर्ग उभारावा, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. परंतु ही भागीदारी शक्ती देण्यासाठी होती, मालकीसाठी नव्हती. प्राथमिक संस्थांत सभासदांचे भांडवल वाढेल तसतसा सरकारचा वाटा कमी व्हावा, अशी योजना होती.

याच विचाराचा प्रत्यक्ष प्रयोग त्यांनी लोणीस केला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि १९६९ मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर त्यांच्या अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय पतपुरवठ्याची कल्पना दिली. त्यातूनच अग्रणी बँक योजना आली. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

भागीदारी आली, पण तिच्या मागोमाग अधिकारही आला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० अन्वये संचालक मंडळ दूर करता येते. १ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला आणि दुहेरी नियंत्रण सुरू झाले. तरीही २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेवर प्रशासक नेमावा लागला. त्यापूर्वी २००५ मध्येच वैद्यनाथन समितीने सरकारी भांडवल व हस्तक्षेप मर्यादित ठेवण्याची शिफारस केली होती. २०२० मध्ये सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार आणखी वाढले.

मार्चअखेर सावकाराकडून चार दिवस उसने घेऊन खाते भरायचे आणि एप्रिलात नवे कर्ज उचलून ते फेडायचे, याला गावात नवेजुने म्हणतात. कागदावर वसुली पूर्ण दिसते आणि कागद तपासणाऱ्या यंत्रणेचे समाधान होते. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज हलत नाही आणि सावकाराचे व्याज मात्र वाढते. गाडगीळांच्या पाहणीची शिस्त येथे आठवते. तपासणी हवीच, पण ती बांधावर जाऊन पिकाची आणि खातेदाराची गाठ घेणारी हवी. ठेवीदाराचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून सरकारने पहारा करावा. मात्र संस्थेच्या दाराची किल्ली खिशात घालून चालू लागण्याचा मोह, मग तो मंत्र्याचा असो वा संचालकाचा, रोखला पाहिजे. सभासद जागा असेल, तर देखरेखीचे ओझे हलके होते. तो निजला असेल, तर पाच काय, दहा तपासनीसही पुरे पडत नाहीत.