खुर्ची नंतर, खर्च आधी : सर दोराबजी टाटा

कळंब : खेळ संघटनेची खुर्ची म्हटली की आज निवडणूक आठवते. देशाच्या ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटा वेगळे होते.

जमशेदजींचे हे थोरले चिरंजीव १८५९ मध्ये मुंबईत जन्मले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली अन् मनावर घेतलं. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ पाठवायला स्वतःचा पैसा घातला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉन धावून १९ वे आले.

१९२७ मध्ये संघटना उभी राहिली, तेव्हा कुठं अध्यक्षपद आलं. १९३२ मध्ये जर्मनीत निधन झालं. त्याआधी आपली संपत्ती त्यांनी ट्रस्टला देऊन टाकली.

अनवाणी धावणारी पोरं आपल्या तालुक्यातही आहेत. त्यांच्याकडं बघणारा माणूस हवा.